जमीन विक्रीचे दोन्ही धनादेश परत आले : पुढे काय करावे?

बोरीकाठ : पंढरपूर तालुक्यातील आमची वडिलोपार्जित जमीन पुण्यातील एका गृहस्थांना विकली. रकमेचे दोन धनादेश मिळाले होते आणि दोन्ही ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा होऊन परत आले. आता ते फोन घेत नाहीत. पोलीस ठाण्यात दिवाणी बाब असल्याचे सांगून परत पाठवले. व्यवहार रद्द करून जमीन परत कशी मिळवावी, हे कृपया तातडीने सांगावे.

अॅड. कृष्णाकाठ : खरेदीखत नोंदले गेले आहे की केवळ साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झाले आहे? धनादेशांवरील तारखा आणि बँकेचा मेमो (धनादेश परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्याची तारीख कोणती? यावरच सारे अवलंबून आहे.

माणदेशी : तारखांचे नंतर पाहता येईल. आधी तलाठ्याकडे फेरफारावर (मालकीबदलाच्या नोंदीवर) लेखी हरकत नोंदवा. नोटिशीनंतर १५ दिवसांची मुदत असते आणि ती चुकली की सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागते. माझ्या चुलत्यांची जमीन हरकतीमुळेच वाचली.

अॅड. कृष्णाकाठ : आपल्या चुलत्यांचे खरेदीखत झाले होते का, हे आपण सांगितलेले नाही. नोंदणीकृत खरेदीखत असताना किंमत मिळाली नाही, एवढ्या कारणावरून महसूल अधिकारी सहसा नोंद नाकारत नाहीत, कारण मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ मध्ये ‘दिलेली किंवा देण्याचे वचन दिलेली’ किंमत असे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये सुरतच्या एका जमिनीच्या प्रकरणात हेच सांगितले की, किंमत थकली तरी नोंदलेली विक्री पूर्ण होते आणि विक्रेत्याने उरलेल्या रकमेच्या वसुलीसाठी दावा करावा.

शेतीमित्र : ग्रामीण भागातील शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, त्यामुळे त्याची काळजी करू नये.

बोरीकाठ : कराविषयी मी विचारले नव्हते. खरेदीखत नोंदले आहे आणि त्यात धनादेशांचे क्रमांक लिहिले आहेत. पहिल्या धनादेशावरील तारीख दोन महिन्यांपूर्वीची असून तो दीड महिन्यापूर्वी परत आला. दुसऱ्याचा मेमो गेल्या आठवड्यात मिळाला. खरेदीदारांची बँक पुण्यात आहे, मग खटल्यासाठी मला तेथे जावे लागेल का?

अॅड. कृष्णाकाठ : नाही. चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या, म्हणजे धनादेशांविषयीच्या कायद्याच्या, २०१५ च्या दुरुस्तीनुसार आपल्या खात्यात भरलेल्या धनादेशाची तक्रार आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात चालते. दुसऱ्या धनादेशाची नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत स्पीड पोस्टाने पाठवा. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात त्याच अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल करावी लागते. पहिल्याच्या नोटिशीची मुदत संपली असली, तरी त्याची तीन महिन्यांची वैधता शिल्लक आहे. तो या आठवड्यातच पुन्हा भरा आणि परत आल्यास नव्या मेमोवर नोटीस द्या. अशा फेरभरणीवर खटला चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले आहे.

माणदेशी : आणि तोवर त्याने जमीन तिसऱ्याला विकली तर? म्हणूनच मी हरकत म्हणतो.

अॅड. कृष्णाकाठ : ही भीती रास्त आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(४)(ब) प्रमाणे न मिळालेल्या किमतीपुरता विक्रेत्याचा बोजा (वसुलीचा हक्क) जमिनीवर राहतो आणि ती थकबाकी ठाऊक असूनही जमीन घेणाऱ्यावरही तो चालतो. म्हणून स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या आणि वसुलीच्या दाव्यात मनाईहुकूम मागा. त्यासोबत तलाठ्याकडे अर्ज दिल्यास माहिती अभिलेखात येईल. तेवढ्यापुरते माणदेशींचे म्हणणे मला मान्य आहे. धनादेशांवर सही खरेदीदाराचीच आहे ना?

बोरीकाठ : सही त्यांच्या भावाची आहे आणि खातेही भावाचेच आहे. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते.

अॅड. कृष्णाकाठ : फार महत्त्वाचे आहे. दुसऱ्याचे देणे फेडण्यासाठी दिलेल्या धनादेशालाही कलम १३८ लागू होते, परंतु आरोपी सही करणारा खातेदार असतो. त्यामुळे कलम १३८ ची नोटीस भावाच्या नावे आणि किमतीच्या मागणीची वेगळी नोटीस खरेदीदाराच्या नावे पाठवा. मूळ मेमो व खरेदीखताची प्रत घेऊन उद्याच स्थानिक वकिलांना भेटा.