मोशेने पै न पैचा हिशेब दिला, मग सोन्याचा का नाही?

शनवारतेली:
काल शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आमच्या मशिदीत 'पेकुदे' हा पाठ वाचला. (बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू माणूस, सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतो, दचकू नका.) तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. वर्षभरात त्याचे ५४ पाठ वाचायचे, त्यांतला 'निर्गम' या ग्रंथाच्या शेवटचा हा. मोशेने रानात उभारलेल्या पवित्र तंबूचा जमाखर्च. ऐकायला रटाळ. इतकी चांदी, इतकं पितळ, खांबांच्या आकड्या, बैठका. लहानपणी मी या पाठाला हटकून डुलक्या घ्यायचो. यंदा कागद घेऊन बसलो. माणशी अर्धा शेकेल (हे जुनं वजन), पुरुष ६,०३,५५०, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल चांदी. किक्कार हे मोठं वजन, त्यात ३००० शेकेल. १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या, उरलेल्या १७७५ शेकेलच्या आकड्या केल्या. चोख जुळतं!

रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, यावर कथा रचली आहे. मोशे चालू लागला की मागे लोक कुजबुजायचे, "मान बघ कशी भरलीय. एवढं काम हातात असल्यावर काय होणार?" ते ऐकून त्याने हिशेब मांडला आणि नेमके ते १७७५ शेकेल आठवेनात. घाम फुटला. मग नजर वर गेली, तर आकड्या खांबांवरच होत्या.
माझं म्हणणं एवढंच, की मागायच्या आत हिशेब देतो तोच पुढारी.

उलटतपासणी:
मागायच्या आत कुठे? तुमच्याच कथेत कुजबुज आधी, हिशेब नंतर. आणि निर्गमाचा ३८वा अध्याय पुन्हा वाचा. चांदी कशाला लागली ते लिहिलंय, पितळाचंही लिहिलंय. सोनं मात्र २९ किक्कार ७३० शेकेल, झालं. कोणत्या वस्तूला किती, एक अक्षर नाही. हात मारायचा तर माणूस पितळात मारेल का?
शिवाय हे काम कोणाच्या देखरेखीखाली? इथामारच्या. म्हणजे अहरोनाचा मुलगा, मोशेचा सख्खा पुतण्या! त्या अहरोनाकडे लोकांनी आधी पूजेच्या मूर्तीसाठी सोन्याची कुंडलं दिली होतीच. त्यांचं काय केलंस विचारल्यावर म्हणतो, आगीत टाकली आणि हे वासरू बाहेर आलं. त्या घरात हिशेबाची वही!

शनवारतेली:
पुतण्याचं मान्य, हसू आलं. पण चांदी ही डोईपट्टी होती, सगळ्यांना सारखी. सोनं स्वखुशीचं. स्वखुशीने दिलेल्याचा तोळा-मासा कोण विचारतो?

उलटतपासणी:
पितळही स्वखुशीचंच होतं. त्याचा खर्च लिहिलाय.

माजी_गबाई:
मुलांनो, जरा दुसरी बाजू. यहूदाच्या योवाश राजाच्या काळात यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी झाली, तेव्हा कारागिरांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानाने वागत. तल्मूदने, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाने, त्यावरूनच ठरवलं की दानधर्म सांभाळणाऱ्यांकडे हिशेब मागू नये. मी एका मशिदीचा गबाई होतो, म्हणजे खजिनदार. मुकादम, चौगुला हे मशिदीचे कारभारी सगळे ओळखीचे, तरी दिव्याच्या खोबरेल तेलाचीही पावती मागत. चार वर्षांनी किल्ल्या ठेवल्या. पुढे दोन वर्षं त्या जागेवर कोणी यायला तयार नव्हतं. चांगलं काम करणाऱ्याला रोज चोरासारखं उभं केलं तर तो घरी बसतो.

आकडी_१७७५:
काका, त्रास समजतो. पण योवाशची गोष्ट अर्धी सांगितलीत. त्याच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत याजकांनी, म्हणजे मंदिराच्या पुरोहितांनी, एक भेग बुजवली नव्हती. म्हणून झाकणाला भोक पाडलेली पेटी ठेवली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत. विश्वास त्याच्यानंतर. दानाचंही तसंच, गोळा करायला दोघं, वाटायला तिघं. मंदिराच्या खजिन्यात जाणाऱ्याने तर दुमड घातलेला कपडा किंवा जोडे घालून जायचं नाही. पुढे तो श्रीमंत झाला तर लोकांनी खजिन्याकडे बोट दाखवू नये म्हणून! तेलाच्या पावतीला तुम्ही रागावलात, इथे जोडे काढायला लावलेत.

माजी_गबाई:
जोडे काढले असते. पावती मागण्याचा सूर खटकला.

मधली_सुट्टी:
सगळे सोन्यात अडकलात. आधीच्या 'वयाखेल' पाठात लोकांनी इतकं आणलं, की मोशेला दवंडी पिटावी लागली, पुरे, आता आणू नका. वर्गणी थांबवणारा पुढारी तुम्ही पाहिलात का? मी नाही. वंशांच्या सरदारांची तर फजितीच. रशी या मध्ययुगीन भाष्यकाराच्या टीकेत येतं, की ते म्हणाले, आधी लोकांना देऊ द्या, कमी पडेल ते आम्ही भरू. कमी काही पडलंच नाही! शेवटी गोमेद आणि जडवायची रत्नं देऊन वेळ मारून नेली. आळसाची शिक्षा म्हणून त्या ठिकाणी 'सरदार' या हिब्रू शब्दातलं एक अक्षर, योद, गळालंय. पुढे 'गणना' या ग्रंथाच्या ७व्या अध्यायात, वेदीच्या प्रतिष्ठेच्या वेळी, हेच सगळ्यांच्या आधी हजर. पुढाऱ्याने आधी खिशात हात घालावा, हिशेब मागाहून.

उलटतपासणी:
सरदारांवर अन्याय करताय. तूट पडेल ती मी भरतो म्हणणं म्हणजे कोरा चेक. पहिल्या दिवशी पाचशे देऊन फोटो काढणाऱ्यापेक्षा हा माणूस मोठा. त्याचं अक्षर कशाला कापायचं?

माजी_गबाई:
कोरा चेक! सणाच्या आधी असं म्हणणारे माझ्याकडे तिघं होते. सण झाल्यावर एकाचाही फोन लागला नाही. ती तूट मीच भरली, आणि तिची पावती अजून माझ्याकडे आहे.