बँडचा गायक एकटा गातो तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

जेलरोडची कॅसेट
विषय निघाला गाडीतल्या एका वादावरून. बँड जोरात चाललेला असताना मुख्य गायक स्वतःच्या नावावर, स्वतःच्या घरादाराबद्दलचा अल्बम काढतो. तेव्हा ऐकणाऱ्याला, बँडमधल्या बाकीच्यांना, घरच्यांना काय वाटतं? इंदुरात रॉक वाजवणारी मराठी मंडळी दिसतात त्यापेक्षा बरीच जास्त आहेत, म्हणून इथे विचारतोय. याद्या आणि गुण देणं नको, अनुभव लिहा.

माझा : फिल कॉलिन्सचा 'फेस व्हॅल्यू', १९८१. हा मूळचा जेनेसिस या ब्रिटिश बँडचा ड्रमर. १९७५ मध्ये बँडचा गायक पीटर गेब्रियल बाहेर पडल्यावर गायक झाला. पुढे लग्न मोडलं, आणि घरी एकट्याने बसून आठ ट्रॅकच्या मशीनवर जे रेकॉर्ड केलं त्यातलं बरंच तसंच अल्बममध्ये आलं. मी ऐकला तो हॉस्टेलमध्ये, कॉपी केलेल्या कॅसेटवर. 'इन द एअर टुनाइट'मध्ये साडेतीन मिनिटं नुसतं ड्रम मशीन टिकटिकतं आणि मग खरे ड्रम अंगावर कोसळतात. खोलीतला कुणी बोलला नाही, कॅसेट मागे फिरवली फक्त. ड्रमचा तो कापल्यासारखा थांबणारा आवाज कॉलिन्स आणि इंजिनिअर ह्यू पॅडगम यांना आधीच सापडला होता, तोही गेब्रियलच्या १९८० च्या एकल अल्बमवर काम करताना! सोडून गेलेल्या गायकाच्या अल्बममधला आवाज राहिलेल्या गायकाच्या कामी आला.

पाचगणी रिटर्न
फ्रेडी मर्क्युरी, 'मिस्टर बॅड गाय', एप्रिल १९८५. पाचगणीच्या शाळेत शिकलेला म्हणून आमच्या घरात तो 'आपला'. अल्बम त्याने आपल्या मांजराला अर्पण केलाय, हे मला सगळ्यात आवडतं. त्याचा बँड क्वीन फुटणार अशी चर्चा होती म्हणतात, आणि त्याच जुलैत लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीत चौघांनी लंडनचं वेम्बली स्टेडियम डोक्यावर घेतलं. तो गेल्यावर, १९९५ मध्ये, याच अल्बममधली दोन गाणी बाकी तिघांनी त्याच्या आवाजाभोवती नव्याने वाजवली. मला बँडवालीच जास्त आवडतात. भांडायला या.

डबल पेडल
मी त्या बाकीच्यांपैकी, ड्रमर. पलासियाकडे एका गच्चीवरच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून आमचा बँड वाजवतो. आमच्या गायकाने मागच्या वर्षी सहा गाण्यांचा अल्बम काढला, सगळा वडिलांच्या आजारपणावर. मला कळलं पोस्टरवरून. राग आला. खोटं कशाला बोलू?

अल्बम लावला आणि त्यातली दोन गाणी ओळखीची निघाली. त्याने ती आधी आमच्याकडेच आणली होती. एमवाय हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रात्रभर बसलेल्या मुलाचं गाणं, आणि आम्ही त्याला १४० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांवर, पळवलं होतं. गिटारवाल्याने मध्ये सोलो टाकला होता, मी दोन्ही पायांनी बेस ड्रम टाकला होता, शिव्या घालत मजेत वाजवत होतो. तो काही बोलला नव्हता. "मस्त भिया" म्हणून माईक गुंडाळून घरी गेला होता. अल्बममध्ये तेच गाणं एका गिटारवर, अर्ध्या वेगात आहे. मध्ये श्वास ऐकू येतो, मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी आहे आणि ती त्याने काढलेली नाही.

फोन करून विचारलं, एका गाण्यावर तरी मला का नाही बोलावलंस? म्हणाला, "तू चांगलं वाजवलं असतंस रे, म्हणूनच."

यावर काय बोलणार? पण मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. हळू वाजवायला सांगितलं असतं तर मी हळू वाजवलं असतं. आम्हाला विचारायचंच नाही आणि मग आम्हाला समजणार नाही असं धरून चालायचं, हे बरोबर नाही.

विलंबित
एकट्याने गाण्याचं एवढं कौतुक! आमच्याकडे ख्याल गाणारा आयुष्यभर तेच करतो. ज्या इंदूरचं नाव उस्ताद अमीर खाँसाहेबांनी गाजवलं तिथे बसून हे वाचतोय. पण डबल पेडल, तुझ्यासाठी एक गोष्ट. खाँसाहेबांचा विलंबित झुमरा तालातला ख्याल काढून ऐक. चौदा मात्रा, आणि तबलजी जवळजवळ नुसता ठेका धरून बसलेला. तबलजी कच्चे होते म्हणून नव्हे, खाँसाहेबांना तेच हवं होतं. बोलावलेल्या माणसाने गप्प बसायचं, हीही साथ आहे.

डबल पेडल
ऐकला, आबा. पण त्या तबलजीला बोलावलं तरी होतं ना!

रामबागेतली आई
मी रॉकमधलं काही जाणत नाही. माझा मुलगा बँडमध्ये गातो, त्याने स्वतःचा अल्बम काढला म्हणून लिहिते. घरात भांडतो मराठीत, गातो हिंदीत. तिसरं गाणं आमच्या घरातल्या एका रात्रीचं आहे, तो नोकरी सोडून आला त्या रात्रीचं. त्याचे बाबा काय बोलले, मी दार कसं लावलं, सगळं आहे. गणपतीत शेजारची मला विचारते, "काकू, ते तिसरं तुमचंच ना?" मी म्हटलं, नाही हो, कल्पना असते ती.

त्याच्या बाबांनी हेडफोन लावून सगळा ऐकला. "एक शब्द चुकीचा उच्चारतो" एवढंच म्हणाले. आता रोज फिरायला जाताना तोच लावतात, हे मुलाला माहीत नाही. मला विचाराल तर त्याने आधी आम्हाला ऐकवायला हवा होता. त्याचं खाजगी आयुष्य म्हणजे त्यात आम्ही दोघंही आलोच की.

हिशेबनीस
भावना झाल्या, आता व्यवहार. शब्द लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा आणि रेकॉर्डिंगच्या निर्मात्याचा हक्क वेगवेगळा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. गाणं जॅम करताना चौघांनी मिळून बांधलं असेल तर गायकाला ते परस्पर उचलता येत नाही. डबल पेडलच्या गायकाने मूळ गाणं स्वतःच आणलं होतं, त्याचं बरोबर आहे. तरी बँड सुरू करतानाच एका कागदावर लिहून ठेवा. मैत्री असतानाच लिहून होतं.

माईकसमोर
मी त्या दुसऱ्या बाजूचा. अल्बम काढला आणि छप्पन दुकानजवळच्या एका कॅफेत एकटा गायला बसलो. पहिल्या ओळीनंतर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. बँडमध्ये अंतऱ्यानंतर गिटार सुरू व्हायची, मी पाणी प्यायचो, बेसवाल्याकडे बघून हसायचो. इथे अंतरा संपला की समोर शांतता आणि कॉफीच्या मशीनचा फुसफुसाट. वर एक जण ओरडला, बँडचं ते वालं गा ना भिया. गायलो. आवाज तोच होता, पण ड्रमशिवाय ते गाणं अगदी पोरकट वाटलं. तेव्हापासून ते लिहायला मी एकटा नव्हतो हे सगळ्यांना सांगतो.

डबल पेडल, तुझ्या गायकाला गच्चीवर बोलाव आणि ते गाणं त्याच्या हळू वेगात, काड्यांऐवजी ड्रमच्या ब्रशने वाजवून दाखव. नाही आवडलं तर नाही म्हणेल.

डबल पेडल
ब्रश नाहीत माझ्याकडे. जेल रोडला मिळतील का?

जेलरोडची कॅसेट
जेल रोडला मोबाइलची कव्हरं मिळतील. माझ्याकडे एक जुनी जोडी पडून आहे, रविवारी पोह्यांनंतर ये घेऊन जा. बाकीच्यांनी लिहीत राहा. बेसवाला एकही आला नाही अजून, नेहमीप्रमाणे.