पोराचं हाफ तिकीट काढलं, आता चैन पडेना

पिकोफॉल, बार्शी

पहिल्यांदाच इथं लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या. विषय वाचून हसाल, पण महिना झाला तरी डोक्यातून जात नाही.

आमचे मालक मार्केट यार्डात हमाली करतात, मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. यंदा, २०२५च्या सप्टेंबरात, पाऊस कसा कोसळला ते सोलापूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको. सीनाकाठची गावं पाण्यात गेली, आमच्या भागात सोयाबीन रानातच कुजलं. आम्हाला जमीन नाही, म्हणून लोकांना वाटतं यांचं काय गेलं. अहो, आडतीला मालच आला नाही तर हमालानं उचलायचं काय? आणि दिवाळीच्या तोंडाला दरवर्षी माझ्याकडं चाळीसेक ब्लाऊज असतात. यंदा चौदा आले. त्यातले पाच उधारीवर.

भाऊबीजेला जाणारच नव्हते. भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, तू आली नाहीस तर मी टिळा न लावताच कामावर जाईन. मग निघाले पोराला घेऊन. पर्समध्ये साडेसहाशे रुपये.

पोरगं सातवीत आहे. जुलैत त्याला बारा पूर्ण झाली. एसटीत पाच ते बारा वर्षांपर्यंत हाफ, पुढं फुल, हे मला पक्कं माहीत होतं. ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. गेल्या जानेवारीत भाडंही वाढलंय, त्यामुळे बार्शी–पुणे फुल आणि हाफ यात पावणेदोनशेच्या आसपास फरक पडतो. गाडीत बसल्यापासून माझं डोक्यात गणित चालू होतं. माझं निम्मं, त्याचं पूर्ण, म्हणजे सव्वापाचशे गेले. उरले सव्वाशे. त्यात स्वारगेटवरून भावाच्या घरापर्यंत जायचं, आणि भाच्या दारातच उभ्या असतात, आत्या काय आणलं म्हणून.

मास्तर आले. मी म्हटलं, एक महिला, एक हाफ, पुणे. त्यांनी पोराकडं बघितलं. “किती वर्षाचा?”

“अकरा संपून बारावं लागलंय.”

बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मला आता त्याचीच भीती वाटते. मशीन कर्रर्र वाजलं, तिकीट हातात आलं. पोरगं खिडकीशी बसलं होतं, त्यानं माझ्याकडं बघितलं नि परत बाहेर बघत बसलं. वाढदिवसाला मीच त्याला म्हटलं होतं, आता बारा पूर्ण झाली, मोठा झालास, उद्यापासून दळण घेऊन गिरणीत सायकलवर एकटा जायचं. तेव्हापासून ऐटीत जातो. भिगवणजवळ धरणाचं पाणी दिसायला लागलं की दरवेळी हजार प्रश्न विचारतो, पक्षी कुठं आहेत, किती खोल आहे. या खेपेला एक शब्द नाही.

इथवर असतं तर मी ‘अडचण होती’ म्हणून गप्प बसले असते. पण येताना काय झालं ते ऐका. भावानं ओवाळणीत हजार रुपये घातले होते, साडी वेगळी. म्हणजे अडचण नव्हती. परतीच्या गाडीतल्या मास्तरांनी मला विचारलंच नाही, थेट पोरालाच विचारलं, “काय रे, वय किती?”

“अकरा.”

मी तोंड उघडायच्या आत. आणि सांगून झाल्यावर पाढा बरोबर आल्यावर बघतो तसं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. हाफ घेतलं.

घरी सांगितलं तर मालक हसले. म्हणाले, लोक बँका बुडवून परदेशात बसलेत, तू पावणेदोनशेवर रडतीस. सासूबाई म्हणाल्या, भगवंताला नारळ फोड नि मोकळी हो. फोडून आले. पण भगवंताचं मी काही घेतलंच नव्हतं, घेतलं एसटीचं.

दोन गोष्टी विचारायच्यात. हे साडेतीनशे परत कसे करायचे? आणि पोराशी काय बोलायचं? ओरडायचं तर कुठल्या तोंडानं?

बेधडक

ताई, झोपा निवांत. मुळात नियमच बघा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, आणि ज्याच्या खिशात दमडी नाही त्या तेरा वर्षांच्या पोराला पूर्ण! घरात सगळ्यात महाग कोण, तर शेंबडा. असल्या नियमाला तुम्ही तीन महिने उशिरा पोचलात, एवढंच झालंय.

पिकोफॉल, बार्शी

@बेधडक, हसले खरं. पण मला निम्म्यात बसायला मिळतं म्हणून तर जास्त लागतंय हो. माझे निम्मे सरकार भरतंय. त्यावर आणि मी पोराचेही निम्मे मारले.

दुपारचा चहा

एवढा विचार करायला वेळ असेल तर त्या वेळात दोन ब्लाऊज शिवून होतील. पैसे पण येतील.

डबल बेल

वरच्यांकडं लक्ष देऊ नका. मी एकतीस वर्षं वाहक होतो, आता घरी असतो.

पहिली गोष्ट, तुमच्या मास्तरला कळलं होतं. आम्हाला कळतं. तोंडावरून नाही कळत, तोंड लहानच राहतं. पायाकडं बघायचं. या वयात पोरांचे पाय आधी वाढतात, आठ नंबरची चप्पल घातलेलं पोर अकराचं नसतं. पण दिवाळीची गाडी, पायरीपर्यंत माणसं उभी, पुढचा थांबा यायच्या आत बुकिंग संपवायचं असतं. अशा वेळी आई जे वय सांगेल ते धरून बटण दाबायचं. भांडत बसलं तर मागची दहा तिकिटं राहतात, आणि तपासणीवाले चढले तर ती दहा आपल्याच गळ्यात. तेच तपासणीवाले इंदापूरला चढून पोराचा दाखला मागते तर तुम्हाला राहिलेलं भाडं भरून वर त्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, जे जास्त असेल ते, द्यावं लागलं असतं. चारचौघांत. पोरासमोर.

दुसरी गोष्ट, कृपा करून पैसे घेऊन कुठल्या मास्तरला गाठू नका. लोक हे करतात. माझ्याकडं एकदा एक आजोबा आले होते, “मागच्या आठवड्यात तिकीट काढायचं राहिलं, हे घ्या वीस रुपये.” मनानं फार चांगला माणूस, पण मला घाम फुटला. ड्युटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते आम्ही लिहून देतो. नंतर मोजताना रोकड कमी निघाली तर आम्ही भरायची, आणि जास्त निघाली तर सुटलो असं नाही, जास्तीचे आले कुठून याचा जबाब द्या. तिकिटाशिवायचा रुपया आमच्या बॅगेत म्हणजे विंचू. आजोबांना मी वीस रुपयांचं तिकीट फाडून दिलं, ते त्यांनी घडी घालून टोपीत ठेवलं.

तेच तुम्ही करा. दोन खेपांचा फरक म्हणजे बरोब्बर एक फुल तिकीट. बार्शी–पुणे एक फुल काढा आणि जाऊ नका. पैसे जिथं जायचे तिथं गेले. फक्त दोन पथ्यं पाळा. गर्दीच्या दिवशी आरक्षण करून सीट रिकामी पाठवू नका, तेवढ्यासाठी कुणीतरी उभं जाईल. मधल्या वारी, दुपारची मोकळी गाडी बघा आणि मास्तरला आधी सांगा, नाहीतर तो गाडी थांबवून तुम्हाला शोधत बसेल. आणि ते तिकीट पोराचं म्हणून मागा. स्वतःचं म्हणून मागाल तर तो तुम्हाला महिलांचं अर्धंच देणार.

पोराचं काय ते मला सांगता येत नाही. माझीच दोन कशी वाढली ते मी ड्युटीवरून घरी आल्यावर झोपलेली बघितलीयत.

कोपऱ्यातला एक

मी त्या पोराच्या जागी होतो म्हणून लिहितो. ८६-८७ साल असेल. आई, मी आणि धाकटी बहीण, कोल्हापूरहून आजोळी. गाडी यायच्या आधी आई सांगायची, मास्तर जवळ आला की गुडघ्यात वाक. मी उंच होतो. सीट मिळाली नसेल तर उभ्या उभ्या वाकायचं, धोतर सुटल्यासारखं. एकदा मास्तर पुढं जाऊन परत मागं वळला तेव्हा मी सरळ झालो होतो. तो बघून हसला आणि काही बोलला नाही. त्याचं ते हसू मला अजून आठवतं.

आईवर राग आहे का? खोटं बोलल्याचा अजिबात नाही. बाबांचा पगार किती होता ते आम्हाला पाठ होतं. राग आलाच असेल तर एवढ्याचा की घरी त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं हे फक्त मलाच लाजिरवाणं वाटतंय, आईला काहीच वाटत नाही. तिलाही वाटायचं हे मला ती सत्तरीची झाल्यावर कळलं, तेही दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवरून. तुम्ही इथं जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्याला सांगा. ओरडू नका, उपदेश नको. “मला त्या दिवशी कसंतरी झालं” एवढं पुरे.

पिकोफॉल, बार्शी

उशिरा लिहितेय, लग्नसराईचं काम आलं.

@कोपऱ्यातला एक, तुमचं ते गुडघ्याचं वाचून मशीन बंद करून बसले होते थोडा वेळ. त्या रात्री पोराला म्हटलं, अरे, बसमध्ये तुझं वय मी चुकीचं सांगितलं. तो म्हणाला, माहितीये. मी म्हटलं, मला नंतर बरं वाटलं नाही. त्यावर काय म्हणाला असेल? “मग येताना मी सांगितलं ते? तुला परत सांगायला लागू नये म्हणून मी सांगितलं.” मी तिकडं ‘पोरगं खोटं शिकलं’ म्हणून कुढत होते, आणि ते माझं ओझं उचलत होतं. यानं बरं वाटायला पाहिजे की आणखी वाईट, मला अजून कळलेलं नाही.

@डबल बेल काका, साडेतीनशे एकदम निघेनात. शिलाई मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली टाकत जाते, दोनशे दहा झालेत. पाच उधारीवाल्यांपैकी एकीनं दिले की होतील. पोराला सांगून ठेवलंय, तिकीट तूच मागायचंस.

मध्ये सासूबाईंना नणंदेकडं कुर्डुवाडीला सोडायला गेलो होतो. मास्तर तरुण होते. पोरानं मला बोलूच दिलं नाही, आधीच म्हणाला, “मला बारा पूर्ण आहेत, फुल द्या.” मास्तरांनी त्याच्या पायाकडं बघितलं, खरंच सांगते काका, पायाकडंच बघितलं, आणि म्हणाले, “बरं साहेब.”

तिन्ही तिकिटं त्यानं मांडीवर पसरून ठेवली. आजीचं शून्य रुपयाचं, माझं अर्ध्याचं, त्याचं पूर्ण. कुर्डुवाडी येईपर्यंत त्याचं चालू होतं, “आजी फुकट, आई अर्धी, मी फुल. आई, मग खिडकी माझी.” सासूबाईंनी खिडकी सोडली नाही.