मदत हवी आहे: सीमधला सीझर सायफर शिफ्ट ३ ला चालतो, १३ ला अर्धवट बिघडतो

नमस्कार मंडळी,

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून दीड महिना झालाय, घरीच, स्वतःच्या स्वतः. सराव म्हणून सीझर सायफर लिहिला: अक्षर घ्यायचं, ठरलेल्या आकड्याइतकं पुढे सरकवायचं, झेडच्या पलीकडे गेलं तर फिरून ए पासून सुरू. मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कोड मराठीत उतरवते ('चार' म्हणजे आकडा ४ नव्हे, एक अक्षर साठवायचा सीमधला प्रकार, char). स्मॉल अक्षरांचा भाग एवढाच आहे:

चार अक्षर;
अक्षर = अक्षर + शिफ्ट;
जर (अक्षर > 'स्मॉल झेड') तर अक्षर = अक्षर - २६;

कॅपिटलसाठी हेच, फक्त तुलना कॅपिटल झेडशी. स्पेस आणि विरामचिन्हांना हात लावत नाही.

शिफ्ट ३ ला सगळं चोख. शिफ्ट १३ ला 'हेलो' (एच, ई, एल, एल, ओ) दिलं तर यू, आर, वाय, वाय, बी आलं, म्हणजे बरोबर. मी खूश. मग 'टेस्ट' दिलं तर फक्त ई चं आर नीट आलं, बाकी तीन जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह! कॅपिटलमध्ये तेच 'टेस्ट' दिलं की उत्तर बरोबर. वॉर्निंग चालू करून (कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा, जीसीसी; वॉर्निंगचा पर्याय डब्ल्यू-ऑल) कंपाइल केलं, एकही वॉर्निंग नाही.

खरं डोकं फिरलं ते पुढे. हीच फाइल मैत्रिणीने तिच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवली तर सगळं बरोबर! दोन दिवस झाले, लॉजिक कागदावर दहा वेळा तपासलंय. माझा कंपायलर बिघडलाय का?

प्रतिसाद १

शिफ्टचा आकडा स्कॅनएफने घेताय आणि ओळ एफगेट्सने (दोन्ही इनपुट वाचायची फंक्शनं)? मग आकड्यानंतर दाबलेला एंटर बफरमध्ये (वाचायच्या बाकी इनपुटच्या साठ्यात) पडून राहतो आणि एफगेट्स तोच उचलतो. नवशिक्यांच्या दहापैकी नऊ तक्रारी इथेच निघतात. मधे एक गेटचार (एकच अक्षर वाचणारं फंक्शन) टाकून बघा.

धागाकर्ती

तो मार मागच्याच आठवड्यात खाल्लाय :) गेटचार टाकलेला आहे. ओळ नीट वाचली जाते, छापून पाहिली. गडबड सरकवताना होते.

प्रतिसाद २

कंपायलर बिघडलेला नाही. शंभरात शंभर वेळा नसतो.

उत्तर लगेच सांगत नाही, आधी दोन गोष्टी करा. शिफ्ट ५, ६ आणि ७ देऊन ए ते झेड सगळी स्मॉल अक्षरं चालवा. आणि बेरजेच्या ओळीनंतर लगेच, 'जर'च्या आधी, ते अक्षर टक्के-डी (%d) वापरून आकडा म्हणून छापा, कारण मशीन प्रत्येक अक्षर आकडा म्हणूनच साठवतं. अक्षर म्हणून छापलंत तर पुन्हा तेच प्रश्नचिन्ह दिसेल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

धागाकर्ती

केलं. ५ ला सगळं बरोबर. ६ ला फक्त झेड बिघडतो. ७ ला वाय आणि झेड.

आणि आकडे... ६ ला झेडसमोर -१२८ आलंय! मी १२२ मध्ये ६ मिळवतेय, उणे कुठून आलं?

प्रतिसाद २

सापडला चोर.

तुमच्या मशीनवर 'चार' हा साइन्ड (उणे आकडेही घेणारा) आहे, म्हणजे त्यात -१२८ ते १२७ एवढंच मावतं. स्मॉल झेड १२२. त्यात ५ मिळवले की १२७, काठोकाठ. ६ मिळवले की १२८ व्हायला हवेत, पण ते मावत नाहीत म्हणून गाडी थेट दुसऱ्या टोकाला -१२८ वर जाते. मग तुमचा 'जर' विचारतो, -१२८ हे १२२ पेक्षा मोठं आहे का? नाही. म्हणून २६ वजा होतच नाहीत. लॉजिक बरोबर होतं, पण तपासणीपर्यंत पोचायच्या आधीच आकडा बदललेला होता.

शिफ्ट १३ ला एस पासून पुढे बिघडतं, कारण एस ११५ आणि ११५ + १३ = १२८. 'हेलो'मधलं सर्वात पुढचं अक्षर ओ, १११, म्हणून ते सुटलं. कॅपिटल झेड ९० आहे, २५ मिळवले तरी ११५, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मैत्रिणीच्या पायवर एआरएम प्रोसेसर आणि लिनक्स. तिथे साधा 'चार' अनसाइन्ड धरला जातो, ० ते २५५. साधा 'चार' साइन्ड की अनसाइन्ड हे सीच्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय, त्यामुळे दोघींचेही कंपायलर नियमाने वागतायत.

वॉर्निंगचं म्हणाल तर डब्ल्यू-ऑल या नावावर जाऊ नका, त्यात सगळ्या वॉर्निंग नसतात. डब्ल्यू-कन्व्हर्जन लावा, ती याच ओळीवर बोट ठेवेल.

आता दुरुस्ती. अक्षर + शिफ्ट ही बेरीज सी मुळात इंटमध्येच (मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारात) करतो, तिथे १२८ नीट असतात. ती परत चारमध्ये कोंबताना घोळ होतो. म्हणून कोंबण्याआधीच फिरवून घ्या ('ए' म्हणजे स्मॉल ए, % म्हणजे भागून उरलेली बाकी):

अक्षर = 'ए' + (अक्षर - 'ए' + शिफ्ट) % २६;

प्रतिसाद ३

+१. गेटचार 'चार' न देता इंट का देतो, याचं उत्तरही याच गल्लीत आहे. त्याला सगळे बाइट शिवाय फाइल संपल्याची खूण, एवढं सगळं परत करायचं असतं. ते चारमध्ये साठवलं तर तुमच्या मैत्रिणीच्या पायवर फाइल संपल्याचं कधी कळणारच नाही, लूप चालूच राहील. म्हणजे अनसाइन्ड आहे म्हणून ती सुखी, असंही नाही.

धागाकर्ती

चाललं!! ए ते झेड, शिफ्ट १ ते २५, सगळं तपासलं. दोन दिवस कागदावर १२२ + १३ = १३५ लिहीत होते आणि मशीनही तेच करत असेल असं धरून चालले होते.

पण आता उलगडणं (सरकवलेला मजकूर परत मूळ करणं) बिघडलं. तिथेही तुमचंच सूत्र वापरलं, फक्त अधिकच्या जागी उणे. 'टेस्ट'चं जी, आर, एफ, जी होतं ते बरोबर, पण उलट करताना कॅपिटल झेड, स्मॉल ई, कॅपिटल वाय, कॅपिटल झेड येतं. कॅपिटल कुठून घुसले?

प्रतिसाद २

सूत्र अर्धंच सांगितलं, चूक माझी. तुमचं जुनं उलगडणं (वजा करा, ए च्या खाली गेलं तर २६ मिळवा) बरोबरच होतं, कारण स्मॉल ए मधून २५ गेले तरी ७२ उरतात, चारमध्ये आरामात मावतात.

सीमध्ये % हा खरा मॉड्युलो (इथे कायम ० ते २५ मध्येच राहणारा) नाही, भागाकाराची बाकी आहे, आणि भागाकार शून्याकडे छाटला जातो. म्हणून -७ % २६ चं उत्तर -७ च येतं. पायथनमध्ये हेच १९ येतं, तिथून आलेले हमखास फसतात. जी म्हणजे ६, त्यातून १३ गेले, -७. ९७ मधून ७ गेले, ९०. आणि ९० म्हणजे कॅपिटल झेड.

बाकी काढण्याआधी कंसात २६ मिळवा. शिफ्ट ० ते २५ मध्येच हवा, कोणी ४० दिला तर सुरुवातीलाच त्याची २६ ने बाकी काढून घ्या. खरं तर उलगडण्याचं वेगळं फंक्शनच नको, पहिल्याच फंक्शनला २६ - शिफ्ट द्या.

धागाकर्ती

दुसरं फंक्शन उडवलं, अकरा ओळी कमी झाल्या. सगळं चालतंय, तिच्या पायवरही. आता यात देवनागरी मजकूर टाकून बघते.

प्रतिसाद ३

थांबा! यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) 'अ' हे एक अक्षर तीन बाइटचं असतं आणि तुमच्या साइन्ड चारमध्ये ते तिन्ही बाइट उणे दिसतील. त्यासाठी नवा धागा काढा.