मांजरीचं पिल्लू ट्रे सोडून तुळशीच्या कुंडीत शी-शू करतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पावसाच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या पेट्यांमागे मांजरीचं एक पिल्लू सापडलं. रात्रीपर्यंत वाट पाहिली, आई काही आली नाही, म्हणून वर घरी आणलं. डॉक्टरांनी दात बघून सहा-सात आठवड्यांचं असेल म्हणून सांगितलं. भाटी आहे, वजन साधारण ६५० ग्रॅम. नाव चिंगी. खाणं, खेळणं, झोपणं सगळं उत्तम. अडचण फक्त शी-शूची आहे.

दुकानातून झाकणवाला मोठा ट्रे आणलाय, त्याच्यासोबत लॅव्हेंडरच्या वासाचं, ओलं झालं की गोळा होणारं लिटर (ट्रेत पसरायचे दाणे). ट्रे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला लागून ठेवलाय, कारण आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दुसरी मोकळी जागा नाही. तिला आत ठेवलं की ती क्षणभर उभी राहते, पुढचा पंजा झटकते आणि टुणकन बाहेर येते. कुंड्यांमध्ये मात्र रोज जाते. आधी मोगरा होता, आता तुळस.

मी नीट बघितलंय, तिला सगळं येतं. दोन्ही पंजांनी खड्डा उकरते, पाठ किंचित वाकवून बसते, झालं की वळून वास घेते आणि माती ओढून पुरतं झाकते. समाधान झालं नाही तर परत येऊन आणखी थोडी माती ओढते. एवढी स्वच्छतेची आवड असलेला जीव ट्रेत का जात नाही, हे मला कळत नाहीये. रात्री बाल्कनीचं दार बंद असतं, तेव्हा गोधडीवर नाहीतर पायपुसण्यावर करते.

सासूबाईंचं म्हणणं, बाकी काहीही चालेल पण तुळशीत नको. ते मलाही पटतं. पहिल्या रात्री पिल्लू कुडकुडत होतं तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांनीच दिली होती, त्यामुळे त्यांना माया नाही असं अजिबात नाही. पण पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणाला येतेय. तोवर हे मार्गी लागलं नाही तर चिंगीला दुसरीकडे द्यायचं असं घरात ठरलंय. मला तिला द्यायचं नाही.

ट्रेची सवय कशी लावू? गोधडीचा वास कसा घालवू? फरशी रोज फिनाईलने पुसतेय, तरी ती त्याच कोपऱ्यात जाते. आणि गरोदर बाई घरात असताना मांजर ठेवणं कितपत सुरक्षित आहे? प्लीज अनुभव सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी फिनाईल बंद करा, आजच. मांजरांच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं नीट पचवता येत नाहीत. फरशीवरचं पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं. डेटॉलसारखी जंतुनाशकंही नकोत. बाकी सविस्तर रात्री लिहिते.

प्रतिसाद

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. चिंगीला उकरायला मऊ, बिनवासाचं, मातीसारखं काहीतरी हवंय आणि तुम्ही तिला लॅव्हेंडर दिलंय. आपल्याला जो वास मंद वाटतो तो मांजराच्या नाकाला फार उग्र लागतो, त्यात वर झाकण, म्हणजे वास आतच कोंडतो. शिवाय गोळा होणारं लिटर इतक्या लहान पिल्लाला देऊ नये. या वयात ती सगळं तोंडात घालून बघतात आणि ते पोटात जाऊन फुगतं. तीन-चार महिन्यांची होईपर्यंत थांबा.

झाकण काढून टाका. किंबहुना तो ट्रे आत्ता बाजूलाच ठेवा आणि दोन-अडीच इंच काठाचा उथळ ट्रे घ्या. घरातली जुनी पसरट परात किंवा मिठाईच्या मोठ्या खोक्याचं झाकण आत प्लास्टिक घालून, काहीही चालेल. साडेसहाशे ग्रॅमच्या जिवाला उंच कड चढणं म्हणजे मोठं काम, आणि शू लागली की त्यांना धीर नसतो.

त्यात मोगऱ्याच्या कुंडीतली माती घाला. जिथे तिने शू केलीये तिथलीच मूठभर मुद्दाम घ्या, तो वास तिला जागा दाखवेल. खत किंवा कीटकनाशक घातलेली माती मात्र नको. खाली वर्तमानपत्र, वर दोन इंच माती किंवा चाळलेली बारीक वाळू.

जागा बदला. मशीन स्पिनला लागलं की तो सगळा कोपरा हादरतो. एकदा बसलेली असताना घाबरली की ती जागा तिने कायमची सोडली समजा. शांत कोपरा हवा, तिच्या जेवणाच्या वाटीपासून लांब. मांजर खाण्याजवळ घाण करत नाही.

सुरुवातीला तिला पूर्ण घर देऊ नका. एक खोली, त्यात अंथरूण, पाणी, ट्रे. लहान पिल्लू खेळाच्या नादात विसरतं आणि मग हॉलमधून ड्राय बाल्कनीपर्यंत पोचत नाही. झोपून उठली की, जेवण झालं की आणि दंगा करून दमली की अलगद ट्रेत ठेवा. हात धरून तिचे पंजे मातीत घासू नका, कित्येकांना आवडत नाही. तुम्हीच बोटाने थोडी माती उकरा, आवाज ऐकून ती स्वतः सुरू करेल. केलं की लगेच लाड करा, खाऊ द्या.

चुकीच्या जागी केलं तर ओरडायचं नाही, नाक तर मुळीच घासायचं नाही. तिला शू करणं वाईट एवढंच कळतं आणि मग ती पलंगाखाली लपून करायला लागते. तिथलं कोरड्या कागदाने टिपा आणि तो कागद ट्रेत ठेवा.

तुळशीसाठी सोपा उपाय: मातीवर नदीतले मोठे गोटे अगदी शेजारी शेजारी मांडा. पाणी खाली जातं, उकरता येत नाही. माझ्या दोन्ही मांजरांनी कुंड्यांचा नाद असाच सोडला.

प्रतिसाद

गोधडीसाठी: धुण्याआधी गार पाण्यात भिजवा. गरम पाणी आणि साबणाने वरचा वास जातो, पण मूत्रातल्या युरिक आम्लाचे स्फटिक कापडात राहतात आणि दमट हवेत पुन्हा वास सुटतो. आपल्याला येत नसला तरी तिला येतो. पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते सर्वांत चांगलं, फवारून अर्धा तास तरी ओलं राहू द्या. अमोनिया असलेलं काहीही टाळा, त्याचा वास मूत्राच्या जवळचा असतो. गोधडी महिनाभर कपाटात गेलेली बरी. मऊ कापड पायाखाली आलं की या वयात त्यांना तिथेच बसावंसं वाटतं.

प्रतिसाद

मी पशुवैद्यक आहे, म्हणून काही गोष्टी ठळक सांगतो. पिल्लू पुन्हा पुन्हा बसतंय पण थेंबही येत नाही, ओरडतंय, किंवा शूमध्ये रक्त दिसतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. शी पातळ असेल तरीही थांबू नका, एवढ्याशा शरीरातलं पाणी फार लवकर कमी होतं. गाईचं दूध देत असाल तर बंद करा, बहुतेकांना त्याने जुलाब होतात आणि मग ट्रे गाठणं आणखीच अवघड. जंताचं औषध आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी लागतं, ते चुकवू नका. शीमध्ये किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो फीतकृमी, तो पिसवांमुळे होतो आणि त्याचं औषध वेगळं.

नणंदबाईंबद्दल: भीती टॉक्सोप्लाझ्माची असते, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची. मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर त्या परजीवीला संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे शी रोजच्या रोज, जमल्यास दोनदा उचलली तर धोका खूपच कमी होतो. गरोदर बाईंनी ट्रेला आणि कुंडीतल्या मातीला हात लावू नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून करावं, नंतर साबणाने हात धुवावेत. चिंगीला कच्चं मांस देऊ नका. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या हीदेखील संसर्गाची मोठी कारणं आहेत, तिकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मांजर असल्याचं सांगून ठेवा. यासाठी पिल्लू घराबाहेर काढायची गरज नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंनाही सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी स्वतः माळ्यावरची जुनी परात काढून दिली आणि तुळशीत गोटेही त्यांनीच मांडले. परातीत मोगऱ्याची माती घालून ती बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवली. चिंगीने आधी चारी बाजूंनी वास घेतला, मग आत जाऊन उकरलं आणि बसली! आता शी नियमित परातीत होतेय. शू अजून कधीकधी पायपुसण्यावर, पण गोधडी वाचली. जंताचं औषधही सुरू केलंय.

आता एकच विचारायचंय. पावसात माती ओली राहते आणि वास मारते, शिवाय नणंद आल्यावर माती घरात नकोच. लिटरवर कसं आणू? आणि नणंदेला ही बेडरूम लागेल, तेव्हा परात हलवायची कशी?

प्रतिसाद

पायपुसणी तेवढी काही दिवस उचलून ठेवा. लिटरसाठी बिनवासाचं, कागदाचं किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांचं घ्या, ते पोटात गेलं तरी गोळा होणाऱ्याइतका त्रास नाही. आधी मातीत मूठभरच मिसळा. तीन-चार दिवस तिने कुरकुर न करता वापरलं तर आणखी थोडं, असं करत माती कमी करत जा. मध्येच बाहेर करायला लागली तर मागच्या प्रमाणावर परत या.

हलवायचं काम लिटर पूर्ण बदलल्यावर, दोन्ही एकदम नको. रोज हात-दीड हातच सरकवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे नव्या जागी दुसरा ट्रे आत्ताच मांडा, तसेही एका मांजराला दोन असलेले बरे, आणि ती तो रोज वापरायला लागली की बेडरूममधला उचला. नणंदबाई यायच्या आत व्हायला हवं, म्हणजे दुसरा ट्रे याच आठवड्यात घ्या.