बाळंतिणीची उदासी म्हणे पोट भरल्यावरचं खूळ

मुक्ता: 'तिरकस' यांनी काल लिहिलं, "गरीब देशांतल्या बायकांना डिप्रेशन परवडत नाही, हे पोट भरल्यावरचं खूळ." दोन ओळींत उत्तर देणार होते, राग आवरेना म्हणून वेगळा धागा. उलटं आहे हो. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा: विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायकांना मानसिक त्रास. जगभरात हेच १० आणि १३. पैशाची चणचण, मारहाण, नको असताना राहिलेला गर्भ, यांनी माणूस पोलादी होत नाही.

माझ्या पहिल्या वेळी बाळ रडायला लागलं की मी न्हाणीतला नळ सोडून ठेवायचे, आवाज येऊ नये म्हणून. बादली भरून वाहायची. घरच्यांना वाया जाणारं पाणी तेवढं दिसलं.

तिरकस: तुमचं वाईट वाटलं, खरंच. पण हे आकडे बरेचसे प्रश्नावल्यांवरचे. बाळंतिणीचं डिप्रेशन ताडायची एडिनबराची दहा प्रश्नांची पट्टी, १९८७ची. 'झोप लागत नाही का?' तान्हं बाळ कुशीत असताना कुणाला लागते?

मुक्ता: पट्टी वाचलीत तरी का? 'इतकं दुःखी वाटतं की झोप लागत नाही' असा प्रश्न आहे तो. बाळ झोपल्यावरही डोळा लागत नाही, त्याबद्दल. ती चाळणी आहे, निदान नव्हे, एवढं मान्य.

अतिविचारी: आणि 'पाश्चात्त्य खूळ' म्हणणाऱ्यांसाठी: झिम्बाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे नको इतका विचार करत राहणं. तो काय एडिनबराहून आला?

तिरकस: बरं, दुखणं आहे. इलाज? मानसोपचारतज्ज्ञ आणणार कुठून?

मुक्ता: तज्ज्ञ लागलेच नाहीत. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत लेडी हेल्थ वर्करनी, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनी, डिप्रेशन असलेल्या बायकांच्या घरी जाऊन बोलण्याच्या सोळा बैठका घेतल्या. २००८ साली निकाल छापून आले: सहा महिन्यांनी डिप्रेशन २३ टक्के बायकांत, अशा बैठका न मिळालेल्या दुसऱ्या गटात ५३.

रजिस्टरवाली: थांबा! त्या वर्करना प्रशिक्षण किती दिलं? दोन दिवस! वर एक दिवस उजळणी. मीही घरोघर फिरते. लसीकरण, वजनं, गरोदर बायकांची यादी, आता मनंसुद्धा? मानधन तेवढंच. परवा एक बाळंतीण हात धरून रडली. पुढची चार घरं राहिली, म्हणून मला बोलणी बसली.

अतिविचारी: +१. स्वस्तातला उपाय म्हणजे नेहमी बाईच्या फुकट वेळातला.

मुक्ता: म्हणजे पगार वाढेपर्यंत बाळंतिणींनी रडत बसायचं?

रजिस्टरवाली: ताई, असं मी म्हटलेलं नाही. तोंडात शब्द घालू नका. तुमचा नळ वाहत होता तेव्हा माझ्यासारखीच कुणी दारात आली असती ना, ती आधी रजिस्टर उघडून बसली असती. म्हणून भांडतेय.

तिरकस: त्या अभ्यासात बाळांची वजनं-उंची फारशी सुधारली नाही, तेही सांगा.

मुक्ता: नाही सुधारली. जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं. आणि समजा बाळाचं काहीच झालं नसतं, तर आई बरी झाली हे मोजायचंच नाही?

तिरकस: 'खूळ' शब्द मागे. बाकी मतं जागेवर.

रजिस्टरवाली: वा, केवढे उपकार. आता मानधनावर कोणी बोलणार आहे का?