यूएस ओपनच्या मॅचेस: रात्री जागायचं का पहाटे उठायचं? इंदूरकरांनो सल्ला द्या

सुदामानगरची_सून
नमस्कार मंडळी. हायलाइट्स बघून बघून कंटाळा आलाय, या वेळेस यूएस ओपन टेनिसच्या क्वार्टरफायनलपासून पुढचं सगळं लाइव्ह बघायचं असं ठरवलंय. अडचणी ऐका. टीव्ही हॉलमध्ये आणि सासरे पण हॉलमध्येच दिवाणावर झोपतात, त्यांची झोप म्हणजे पंख्याचा आवाज बदलला तरी उठून बसतात. सकाळी मुलाची व्हॅन सात दहाला, मग माझं ऑफिस. नवरा म्हणतो स्कोअर सकाळी पेपरात बघ ना, त्याला काय सांगणार. तर विचारायचं असं की नेमकं जागायचं किती वाजेपर्यंत, आणि सगळ्या मॅचेस झेपणार नाहीत तर कुठल्या सोडू? कोणी नियमित बघत असेल तर प्लीज सांगा.

रामबागी_बेसलाइन
ताई, पहिलं म्हणजे 'जागणं' हा शब्द डोक्यातून काढा, अर्ध्या मॅचेसना जागायचं नसतंच, उठायचं असतं. मॅचेस न्यूयॉर्कला, आणि न्यूयॉर्क त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आर्थर अ‍ॅश स्टेडियमवर दिवसाचं सेशन तिथल्या साडेअकराला म्हणजे आपल्या रात्री ९ ला सुरू होतं, जेवून भांडी आवरून बसलात की झालं. नाइट सेशन तिथल्या संध्याकाळी ७ ला म्हणजे आपल्या पहाटे ४:३० ला. तर नाइट सेशनसाठी रात्रभर डोळे ताणत बसणं म्हणजे सातच्या गाडीसाठी आदल्या रात्रीच स्टेशनवर जाऊन झोपणं. नऊ-साडेनऊला झोपा, सव्वाचारला उठा, चहा ठेवा, बसा.

आणि तारीख नीट बघा हं. मंगळवारचं नाइट सेशन म्हणजे आपली बुधवारची पहाट. आमच्या ग्रुपात दर वर्षी एक तरी जण मंगळवारी पहाटे उठून सोमवारची मॅच बघत बसतो आणि विचारतो की अल्काराझ कुठे आहे.

सराफा_नंतर_बघू
काय भिया, सगळे झोपायलाच सांगून राहिलेत! इंदूर रात्री झोपतं कुठे? सराफ्यात दुकानांची शटरं पडली की खाऊची गर्दी सुरू होते, दहाला जायचं, भुट्ट्याचा कीस खायचा (आत्ता सीझनच आहे, गराडू मात्र थंडीतच), बारापर्यंत घरी, मग मॅच. माझं तर २०२५ चं आठवून अजून मन भरत नाही, ६ सप्टेंबरला शनिवारी अनंत चतुर्दशी, रस्त्यावर गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ), सगळं शहर रस्त्यावर, आणि त्याच रात्री दीडला बायकांची फायनल! झांक्या बघता बघता मोबाइलवर सबालेंका-अनिसिमोवा, शेजारी उभे असलेले अनोळखी काका पण डोकावून विचारत होते कोण जिंकून राहिलंय म्हणून. सबालेंकाने ६-३, ७-६ ने घेतली.

आणि दुसऱ्या रात्री पुरुषांची फायनल ११:३० ला, तर त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण! आजीने स्वयंपाकघराला कुलूपच घातलं म्हणा ना, तुळशीपत्रं ठेवून सगळं झाकलेलं. त्यात तिकडे ट्रंप मॅचला येणार म्हणून सिक्युरिटी तपासणी, लोकच आत जाऊ शकेनात, मॅच पाऊण तास उशिरा. मी उपाशी, सिनर तयार, अल्काराझ तयार, आणि मॅच काही सुरू होईना. दीडच्या आसपास ग्रहण सुटलं तेव्हा निम्मी मॅचसुद्धा झाली नव्हती. आजी अंघोळ करून आली, मला शेव-पोहे दिले आणि विचारलं, "हा तुझा कुठला?" म्हटलं आज्जी, स्पेनचा. म्हणाली मग त्याला ग्रहण लागत नसेल. चार सेटमध्ये जिंकला अल्काराझ पठ्ठ्या. अशा रात्री अलार्म लावून येत नाहीत ताई, जागा!

विजयनगर_नाइटशिफ्ट
वरच्या भाऊंचं ऐकायला छान वाटतं पण त्यांना सकाळी टिफिन भरायचा नसतो हे लक्षात घ्या. मी यूएस शिफ्ट करतो, रात्री जागणं हे माझं पोट आहे, म्हणून सांगतो.

अर्धवट झोप सगळ्यात वाईट. बारा ते दोन डुलक्या, मग मॅच, मग परत पाच ते साडेसहा, असं केलंत तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मान पडेल. एक सलग तुकडा पकडा, आधीचा नाहीतर नंतरचा. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद, कॉफीचा असर पाच-सहा तास सहज राहतो, मग नऊला पडलात तरी छताकडे बघत राहाल. पहाटे उठल्यावर खुशाल प्या. आणि रात्री दोनला तळलेलं खाऊ नका, सराफा सराफ्यात राहू द्या.

खरा त्रास सेमीफायनलचा आहे. २०२५ ला पुरुषांच्या सेमीज शुक्रवारी होत्या, अल्काराझ-जोकोविच तिथल्या दुपारी ३ ला म्हणजे आपल्याकडे १२:३० रात्री आणि सिनरची त्यानंतर पहाटे ४:३०. पहिली सरळ तीन सेटांत संपली म्हणून मधे थोडी झोप मिळाली, पाच सेट झाल्या असत्या तर कोरडाच गेलो असतो. दोन्ही बघायच्या नादात पडू नका, एक निवडा. बरं की तेव्हा शनिवार लागलेला असतो.

सुदामानगरची_सून
अरे वा, एवढं सगळं! @रामबागी_बेसलाइन पहाटे साडेचार तर मला चालेल, तशीही साडेपाचला उठते. पण दुसरी मॅच मग सातला व्हॅनच्या वेळेलाच येणार ना? आणि टीव्हीचं काय करू, मोबाइलवर बॉलच दिसत नाही हो.

जुना_सर्व्ह_अँड_व्हॉली
मोबाइलवर बॉल शोधू नका, खेळाडूचे पाय बघा, बॉल कुठे जाणार ते पायांवरून कळतं. आम्ही ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मुंग्या येत असताना बघितलंय, ते सोडा.

आता कुठली सोडायची ते. नाइट सेशनला सहसा दोन मॅचेस असतात, एक बायकांची एक पुरुषांची. ज्या दिवशी बायकांची आधी असेल ती ४:३० ची बघाच, तीन सेटची असते, बहुतेक वेळा साडेसहा-सातपर्यंत आटोपते, व्हॅनला तुम्ही दारात हजर. आणि खरं सांगू का, स्वियाँतेक, सबालेंका, गॉफ यांच्या मॅचेसमध्ये हल्ली जास्त मजा येते, पण आपले लोक नुसतं पुरुषांचंच विचारतात. दुसरी मॅच पाच सेटची, तिचा भरवसा नाही. २०२२ ची अल्काराझ-सिनर क्वार्टरफायनल ५ तास १५ मिनिटं चालली, न्यूयॉर्कमध्ये पहाटे २:५० ला संपली. आपल्याकडे किती वाजले होते माहितेय? दुपारचे १२:२०! नाइट सेशनची मॅच आणि इथे लोकांचे डबे उघडायची वेळ. सिनरला एक मॅच पॉइंट होता (तो एक पॉइंट मिळाला असता तर मॅच त्याची), तो अल्काराझने वाचवला आणि पुढे टूर्नामेंटच जिंकला. ती ज्याने व्हॅनच्या वेळेला बंद केली असेल त्याचं दुःख मला माहितेय, म्हणून म्हणतो दुसऱ्या मॅचमध्ये जीव गुंतवूच नका. ती संध्याकाळी रीप्लेवर बघायची.

रामबागी_बेसलाइन
रीप्लेवर बघणार असाल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. व्हिडिओ उघडला की खाली त्याची लांबी दिसते, तिथेच सगळं फुटतं. चार तास दिसले की समजलं सरळ सेटांत नाही, आणि पाचव्या सेटला पट्टीत वीस मिनिटंच उरलीत म्हटल्यावर काय थ्रिल राहिलं. मी लॅपटॉपच्या खालच्या पट्टीवर चिकटपट्टीने कागद लावतो, बायको हसते, हसू द्या. फॅमिली ग्रुप पण दिवसभर म्यूट, कारण कोणीतरी आत्या सकाळी सकाळी ट्रॉफीचा फोटो टाकतेच.

लाइव्ह बघताना पण स्कोअरच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन बंद ठेवा. स्ट्रीम मागे असतो, तिकडे सेट पॉइंटला सर्व्ह करायला बॉल तीनदा आपटतोय आणि इकडे फोन थरथरतो, सेट गेला म्हणून.

टीव्हीचं म्हणाल तर सेटिंगमध्ये ब्लूटूथ आहे का बघा, इअरफोन जोडता येतो, एकाच कानात घाला म्हणजे सासऱ्यांनी हाक मारली तर ऐकू येईल. ब्राइटनेस खाली. नाहीतर लॅपटॉप स्वयंपाकघरात ओट्यावर, चार्जरला लावून, उत्तम. साडेचारला स्वयंपाकघरात लाइट असला तर घरात कोणाला शंका येत नाही.

सराफा_नंतर_बघू
ओट्यावर टेनिस, लई भारी 😄 सहाला कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणा, जिरावण जास्त, मग बघा सासरे काही बोलतात का.

विजयनगर_नाइटशिफ्ट
अजून एक, रोज संध्याकाळी 'ऑर्डर ऑफ प्ले' (मॅचेसचं वेळापत्रक) बघून झोपा. तिथे 'नॉट बिफोर' लिहिलेलं असेल तर ती वेळ म्हणजे त्याच्या आधी नाही एवढंच, नंतर कितीही. आधीची मॅच लांबली की तुमचा अलार्म फुकट. पावसाची काळजी नको, अ‍ॅशला २०१६ पासून आणि आर्मस्ट्राँगला (तिथलं दुसरं मोठं स्टेडियम) २०१८ पासून छत आहे. विम्बल्डनला तर तिथल्या रात्री ११ नंतर खेळच बंद, म्हणजे आपल्याकडे जास्तीत जास्त ३:३०. न्यूयॉर्कला असला काही नियम नाही, ते लोक खेळतच राहतात.

सुदामानगरची_सून
ठरलं. क्वार्टरला पहाटेची पहिलीच मॅच, ओट्यावर, दुसरी रीप्लेवर कागद लावून. सेमीला शुक्रवारी रात्री जागणार, शनिवारी मुलाला सुट्टी आहे, नवऱ्याला सांगून ठेवलंय की सकाळचा चहा तूच कर. टीव्हीला ब्लूटूथ नाहीये, बघितलं. फायनलचं अजून विचार करून राहिलेय, सोमवारी सकाळी मीटिंग आहे.

जुना_सर्व्ह_अँड_व्हॉली
फायनल ११:३० ला असेल तर अडीच-तीनपर्यंत संपावी. दोन सेट बघून अंदाज घ्या. १-१ झाले तर मीटिंगला चहा स्ट्राँग सांगा.

देवासकर_नेट_कॉर्ड
मी नवीन आहे इथे. ऑस्ट्रेलियन ओपनला पण असंच करावं लागतं का?

रामबागी_बेसलाइन
उलटं आहे. तिथलं नाइट सेशन जानेवारीत आपल्या दुपारी १:३० ला, झोपेचा काही प्रश्नच नाही, बॉसचा आहे. त्याला वेगळा धागा काढ.